रोणावरची मोठी अळंबी आणि बारीक अळंबी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे नेमक्या कोणत्या दोन अळंब्यांची तुलना आहे?

वाळवीच्या वारुळावर पोसल्या जाणाऱ्या दोन रानअळंब्यांची. मोठी ती टर्मिटोमायसिस हायमी, बारीक ती टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस. दोन्ही पावसाळ्यात उगवतात. वाळवी असेल तिथे म्हणजे सह्याद्रीच्या जंगलात, माळावर, काजूच्या बागेत, अगदी घरामागच्या परड्यातही सापडतात. गोव्यात वारुळाला रोण म्हणतात, म्हणून तिथे या 'रोणां ओळमीं'. तळकोकणात अळंबी किंवा अळमी, पूर्व विदर्भात सात्या. मात्र ही नावं एकेका जातीची नसून अख्ख्या गोतावळ्याची आहेत आणि दोन-चार कोसांवर बदलतात. 'आमच्याकडे हिला अमुक म्हणतात' एवढ्यावर ओळख पक्की होत नाही. खाली आम्ही मोठी आणि बारीक एवढेच शब्द वापरले आहेत.

शास्त्रीय नावं कुठून आली?

बारीक अळंबीचं वर्णन बर्कले आणि ब्रूम या इंग्रज कवकशास्त्रज्ञांनी, म्हणजे अळंबी-बुरशीच्या अभ्यासकांनी, १८७१ मध्ये सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, नमुन्यांवरून केलं. वाळवीशी जोडलेल्या अळंब्यांसाठी टर्मिटोमायसिस ही स्वतंत्र प्रजाती फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये मांडली. मोठीला नाव मिळायला १९७९ उजाडलं. कवकशास्त्रज्ञ नटराजन यांनी दक्षिण भारतातल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं आणि हाइम यांच्यावरून तिला हायमी म्हटलं. याच प्रजातीतली झांबियाची टर्मिटोमायसिस टायटॅनिकस टोपीच्या रुंदीत मीटरभर होते, आणि आपली बारीक अळंबी नखाएवढी.

एकाच प्रजातीतल्या असून दिसायला इतक्या वेगळ्या कशा?

फरकाचं मूळ जमिनीखाली आहे. एवढं कळलं की ओळखणं, खुडणं, धुणं सगळं सोपं होतं.

वाळवी लाकूड-पालापाचोळा खाऊन वारुळात आणते आणि त्याच्या विष्ठेपासून मेंदूसारखी सुरकुतलेली, सच्छिद्र पोळी बांधते. या पोळीवर बुरशी वाढते, तिच्यावर मोहरीहून लहान पांढरे दाणे धरतात आणि वाळवी ते दाणे व जुनी झालेली पोळी खाते. लाकूड पचवण्याचं काम बुरशीचं, घर आणि दमट हवा सांभाळण्याचं काम वाळवीचं. पाऊस मुरला की या बुरशीला फळ धरतं. ते फळ म्हणजे अळंबी.

मोठी अळंबी स्वतःच्या बळावर वर येते. पोळी खाली खोल असते, तिथपासून ती मुळीसारखा लांब देठ ताणत माती भेदून येते. माती फोडण्यासाठी तिच्या टोपीच्या मधोमध कडक टोक असतं.

बारीक अळंबीला ही मेहनत करावीच लागत नाही. पावसाळ्यात वाळवी पोळीचे बारीक तुकडे स्वतः बाहेर आणून जमिनीवर पातळ थरात पसरते आणि त्या चुऱ्यावर शेकडो इवल्या छत्र्या एकदम उगवतात. मुळी नाही, कारण खालून वर यायचंच नाही. त्यामुळे टोपीवरचं टोकही नावापुरतं.

दोघींची लक्षणं सांगा.

मोठीची टोपी उघडल्यावर साधारण ५ ते १२ सेंटीमीटर रुंद, पांढरी, मध्यभागी करडी किंवा तपकिरी. ते टोक बोटाने दाबलं तर आजूबाजूच्या गरापेक्षा टणक लागतं. देठ भरीव, अंगठ्याएवढा जाड, त्यावर बहुधा जाडसर बांगडी असते. कधी ती फाटून टोपीच्या कडेला चिंध्यांसारखी लोंबते. जमिनीखाली देठ निमुळता होत मातकट मुळीत जातो. ही मुळी वीतभर असते, कधी हातभरही भरते.

बारीक अळंबीची टोपी अर्ध्या ते अडीच सेंटीमीटरची, पांढरी ते मलईच्या रंगाची, मध्ये किंचित गडद. पूर्ण उघडली की कडा चिरतात. देठ काडीसारखा, २ ते ६ सेंटीमीटर लांब, बांगडी नाही. आणि ती एकटीदुकटी नसतेच. ताटाएवढ्या जागेत शंभर-दोनशे छत्र्या, नाहीतर काहीच नाही.

दोघींचे कल्ले, म्हणजे टोपीखालच्या पातळ उभ्या पट्ट्या, सुरुवातीला पांढरे असतात आणि जून होताना गुलाबट होतात. कल्ले देठाला चिकटलेले नसतात.

बारीक म्हणजे मोठीचीच पिल्लं का?

नाही. मोठीचा कळा लहान असला तरी जाड असतो, टोपी मिटलेली, देठ बोटासारखा. बारीक अळंबी तेवढ्याच उंचीची असताना तिची टोपी पूर्ण उघडलेली असते. मिटलेली आहे की उघडलेली, एवढं बघितलं की घोटाळा होत नाही.

बांगडी नाही, टोपी करडी आणि टोक भाल्यासारखं आहे. मग ही कोण?

वारुळाशी जोडलेल्या इतर जाती पुष्कळ आहेत. मुळी आणि गुलाबट कल्ले असतील तर टर्मिटोमायसिस क्लिपियाटस असू शकेल. तीही खातात. पण 'असू शकेल' या अवस्थेतली अळंबी टोपलीत टाकू नका.

कधी आणि कुठे शोधायची?

पावसाने चांगलं धरलं, माती खोलवर भिजली आणि मग एक-दोन दिवस उघडीप व दमट उकाडा राहिला की बघायला लागा. कोकण-गोव्यात भर आषाढ-श्रावणात असतो. श्रावणात मासे बंद असलेल्या घरांत अळंबीला मागणीही तेव्हाच.

मोठी वारुळाच्या अंगावर किंवा त्याच्या पायथ्याशी येते, पण सपाट जमिनीवर दिसली तर बुचकळ्यात पडू नका. ओडोंटोटर्मिस प्रजातीतल्या वाळवीच्या काही जाती उंच वारूळ बांधत नाहीत, त्यांचं घर जमिनीखालीच असतं. बारीक अळंबी बहुधा अशा सपाट, पालापाचोळ्याच्या जागी दिसते. गुडघ्यावर बसून एक छत्री अलगद उपसा आणि देठाच्या बुडाशी भिंगातून पाहा. रव्याएवढे तपकिरी गोळे, वाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखे, चिकटलेले दिसले तर तो वाळवीने बाहेर आणलेला पोळीचा चुरा आहे. आमच्या मते बारीक अळंबीची ही सर्वांत भरवशाची खूण. ती दिसत नसेल तर थांबा.

वारुळावर उगवली म्हणजे खाण्याजोगी, हे खरं ना?

नाही, आणि ही समजूत जिवावर बेतू शकते. वारुळाच्या मातीवर, शेजारच्या कुजक्या मुळांवर दुसरी छत्रीही उगवू शकते. अळंबी पोळीशी जोडलेली आहे की नाही, हा खरा प्रश्न.

चांदीचं नाणं काळं पडणं, लसूण निळा होणं, भातात टाकून पाहणं, किड्यांनी किंवा गोगलगायीने खाल्लेली असणं, यांपैकी एकही परीक्षा विष दाखवत नाही. अमॅनिटा नावाच्या अळंबीच्या विषारी जाती किडे खुशाल खातात. चिंच, कोकम, मीठ किंवा तासभर उकळणं यांनीही ते विष जात नाही.

मोठीच्या तोंडवळ्याच्या विषारी अळंब्या कोणत्या?

मुख्य दोन.

एक, क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. पावसात हिरवळीवर, मैदानावर, गुरचरणात उगवणारी दणदणीत पांढरी छत्री, टोपीवर तपकिरी खवले, देठावर बांगडी. कळ्याच्या अवस्थेत कल्ले पांढरे असल्याने फसगत होते. जून झाली की ते हिरवट पडतात. मुळी नसते. खाल्ल्यावर बहुधा एक ते तीन तासांत जोरदार उलट्या-जुलाब होतात.

दोन, अमॅनिटा. हिच्या देठालाही बांगडी, कल्ले पांढरे आणि पांढरेच राहणारे. देठाच्या तळाशी गड्डा किंवा वाटीसारखी पिशवी असते. ही पिशवी मातीत असते, म्हणून देठ जमिनीलगत मोडणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. अनोळखी जागेची निदान एक अळंबी मुळासकट उकरून पाहावी, ती यासाठी. तळ निमुळता होत खाली जात राहिला तर ठीक. फुगला किंवा पिशवी निघाली, तर सगळी टोपली टाकून द्या, त्यातली चांगली निवडत बसू नका.

लांब मुळी असलेली पण वाळवीशी संबंध नसलेली हायमेनोपेलिसही आपल्याकडे गाडलेल्या लाकडावर येते. तिची टोपी ओली असताना बुळबुळीत, कल्ले देठाला चिकटलेले, बांगडी नाही. म्हणजे नुसती मुळी बघूनही भागत नाही.

आणि बारीक अळंबीच्या?

इथे गोंधळ जास्त, कारण इवल्या पांढऱ्या छत्र्यांना तोटा नाही. कुजक्या ओंडक्यावर दाटीने येणारी कोप्रिनेलस हिच्याइतकीच लहान, पण लाकडावर आणि बीजाणू, म्हणजे कल्ल्यांतून गळणारं धुळीसारखं बी, काळपट. इनोसायबीच्या छत्र्या मातीत येतात, बीजाणू तपकिरी. त्यांतल्या काही खाल्ल्यास घाम, लाळ आणि डोळ्यांतून पाणी सुरू होतं. एंटोलोमा तर खरी ठकवणारी: कल्ले गुलाबी, बीजाणू गुलाबी, आणि काही जाती विषारी. फरक एवढाच की तिचे कल्ले देठाला जोडलेले असतात आणि बुडाशी पोळीचा चुरा नसतो.

खाण्याच्या दृष्टीने नवख्याने बारीक अळंबीपासून सुरुवात करू नये असं आमचं मत आहे. मोठीच्या बाबतीत टोक, कल्ले, बांगडी, मुळी अशा तपासणीला चार जागा मिळतात. इथे सगळा खेळ सेंटीमीटरभरात.

बीजाणूंचा ठसा कसा घ्यायचा?

पूर्ण उघडलेली टोपी घ्या, देठ टोपीलगत कापा. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद ठेवा, त्यावर टोपी कल्ले खाली करून मांडा, वर वाटी पालथी घाला. टोपी सुकलेली वाटली तर वरून पाण्याचा एकच थेंब सोडा. मोठीचा ठसा चार ते बारा तासांत उमटतो. बारीक अळंबीच्या दहा-बारा टोप्या एकत्र मांडा, एका टोपीचा रंग कळण्याइतका दाट येत नाही.

दोघींचा ठसा फिकट गुलाबी यायला हवा. हिरवा आला तर क्लोरोफायलम, शुभ्र आला तर अमॅनिटाची शंका, तपकिरी किंवा काळा आला तरी नापास. पण गुलाबी आला म्हणून लगेच पास नाही. एंटोलोमाचा गुलाबीच येतो, आणि तळाशी पिशवी असलेल्या व्होल्व्हारिएलाचाही. ठसा अळंबी नाकारण्यासाठी वापरायचा, स्वीकारण्यासाठी इतर खुणाही जुळल्या पाहिजेत. कळ्यांचा ठसा येतच नाही. त्यामुळे फक्त कळे मिळाले असतील तर ही तपासणी झालेली नाही, हे ध्यानात ठेवा.

ठसा दोघींमधला फरक मात्र सांगत नाही. सूक्ष्मदर्शकाखालीही त्यांचे बीजाणू जवळपास सारखेच.

खुडायची पद्धत दोघींना एकच का?

नाही. मोठीचा देठ जमिनीलगत धरून हलकं पिरगाळत वर घ्या. मुळी मध्येच तुटते, तुटू द्या. तिच्यामागे कुदळ लावून वारूळ फोडलं तर पोळी उघडी पडते, आतला ओलावा आणि ऊब बिघडते, आणि पुढच्या वर्षीची अळंबी गमावून बसता. ओळखीसाठी उकरायची ती सपाट जागेतली एखादीच.

बारीक अळंबी उपटू नका. छोट्या कात्रीने बुडाच्या वर तीन-चार मिलीमीटरवर झुपका कापा. उपटली तर मातीही येते आणि पोळीचा चुराही, मग धुताना तासभर जातो. कापण्याआधी बुडाचा चुरा दोन-तीन ठिकाणी तपासून घ्या.

दोन्हीकडे काही पूर्ण उघडलेल्या छत्र्या जागेवर सोडा. पहिल्या पावसात दिव्याभोवती जमणारे पंखवाले किडे म्हणजे नवं वारूळ घालायला निघालेली वाळवी. या वाळवीच्या बहुतेक जातींत वारूळ घालणारी नर-मादीची जोडी सोबत बुरशी नेत नाही. काही काळाने नव्या वारुळातले पहिले कामकरी बाहेर पडतात आणि पाल्यावर पडलेले अळंबीचे बीजाणू घरी आणतात, तेव्हा त्यांची शेती सुरू होते. कळ्यातून बीजाणू पडत नाहीत. बाजारात कळ्यांना भाव जास्त म्हणून एकजात कळे खुडले, तर त्या परिसरातल्या नव्या वारुळांना बियाणंच मिळणार नाही.

दरवर्षी येणारी जागा यंदा कोरी का?

पाऊस तुटक झाला असेल, किंवा दोन दिवस आधी दुसरं कुणी येऊन गेलं असेल. वारूळ मेलं असेल तर एक खूण दिसू शकते: काळी, बोटांसारखी झायलेरिया बुरशी. वाळवी जिवंत असते तोवर ती तिला डोकं वर काढू देत नाही. वाळवी गेली की ती सोडलेल्या पोळीवरून वर येते. अशा जागी वाट बघण्यात अर्थ नाही. वाळवीनाशक फवारलेल्या बागेतली अळंबी मात्र दिसली तरी घेऊ नका.

विकत घेताना काय पाहावं?

अळंबी पानांत बांधून, मोजून विकतात. वरची ओळ बघून घेऊ नका, पुडी उघडायला सांगा. मोठीचे देठ मुळीसकट असावेत. देठ टोपीलगत छाटलेले असतील तर ओळखीची मुख्य खूणच गेली. एक देठ उभा चिरून दाखवायला सांगा: आत बारीक बोगदे असतील तर अळ्या शिरल्या आहेत. बारीक अळंबी सकाळचीच घ्यावी, संध्याकाळपर्यंत तिचा लगदा होतो.

साफ कशी करायची?

मोठी: मुळीचा मातकट भाग सुरीने खरवडा, फार चिवट असेल तर तेवढा कापून टाका. उभी चिरा, अळ्या पाहा, वाहत्या पाण्याखाली झटपट धुवा. हळद-मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं पुरे. अर्धा तास भिजवली तर ती पाणी पिते आणि कढईत उकडते, परतली जात नाही.

बारीक: मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, अळंबी त्यात सोडा, हाताने हलकेच ढवळा आणि मिनिटभर थांबा. अळंबी तरंगते, रेती तळाला बसते. झाऱ्याने वरून काढून घ्या. पातेलं चाळणीत ओतू नका, ओतलं की तळाची रेती पुन्हा अळंबीवर. असं तीन-चार पाणी, शेवटचं पाणी तळ दिसेल इतकं स्वच्छ हवं. मग कापडावर दहा मिनिटं पसरा.

शिजवताना फरक काय?

मोठीला मटणासारखा चावा आहे, ती वाटपात टिकते. पाव किलोला दोन कांदे, पाऊण वाटी भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप आणि नेहमीचा मालवणी किंवा शागोतीचा मसाला. आधी तेलावर कांदा, मग अळंबी मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता. तिचं स्वतःचं पाणी सुटून आटलं की वाटप घाला. एकूण १५ ते २० मिनिटं.

बारीक अळंबीला हा मसाला घालणं म्हणजे तिला बुडवणं. कांदा, हिरवी मिरची, दोन कोकमं, हळद, मीठ, वरून मूठभर ओलं खोबरं. आठ-दहा मिनिटांत होते. ताज्या अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी असल्याने पातेलंभर अळंबीची वाटीभर भाजी होते, माणसं मोजूनच मीठ घाला. कच्ची कोणतीच खाऊ नका.

टिकते किती?

मोठी न धुता कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये एक-दोन दिवस. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून चिकट होते. बारीक त्याच दिवशी संपवा. वाळवायची तर मोठीचे पाच मिलीमीटरचे उभे काप, बारीक अख्खी, ४५ ते ५० अंशांवर कडकडीत होईपर्यंत. पावसाळी उन्हाच्या भरवशावर राहू नका, अर्धवट सुकलेल्या कापांवर दुसरीच बुरशी चढते.

घरी लागवड होते का?

बटण किंवा धिंगरीसारखी नाही. या बुरशीचे धागे प्रयोगशाळेत वाढवता येतात, पण वाळवीशिवाय भरवशाने छत्री धरवणं आणि ते धंद्याच्या प्रमाणावर करणं जमलेलं नाही. 'रोणअळंबीचं बियाणं' म्हणून कुणी पाकीट विकत असेल तर पैसे जपा.

जंगलातून आणायला परवानगी लागते का?

अभयारण्यातून परवान्याशिवाय वनोपज काढणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, राष्ट्रीय उद्यानातही तेच. वनहक्क कायदा, २००६ पात्र आदिवासी व पारंपरिक वनवासींना गौण वनोपजावर हक्क देतो. खासगी बागेत मालकाला विचारा.

पहिल्यांदाच खाणार आहोत. किती खावी?

ओळख पटलेलीच, नीट शिजवून, चार-पाच घास. त्याच खेपेतल्या दोन कच्च्या अळंब्या मुळीसकट कागदात बांधून दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. काही झालंच तर डॉक्टरांना नमुना दाखवता येतो. लहान मुलं आणि गरोदर बायकांना पहिल्या खेपेला देऊ नका.

त्रास झाला तर?

वेळ लिहून ठेवा. तीन तासांच्या आत उलट्या-जुलाब झाले तर ते बहुधा पोटापुरतं असतं, तरी दवाखाना हवाच. सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा, सुरू झाले तर धोका मोठा: ते अमॅनिटासारख्या अळंबीचं विष असू शकतं. त्यात मध्ये दिवसभर बरं वाटतं, घरचे निश्चिंत होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत निकामी होऊ लागतं. बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका. १०८ वर फोन करा, उरलेली भाजी आणि कच्चे नमुने सोबत न्या. घरातल्या ज्यांनी ज्यांनी ती खाल्ली त्या सगळ्यांना न्या, त्रास नसलेल्यांनाही.

वाळवीच्या विष्ठेवर उगवते म्हणजे ही घाण नाही का?

ती विष्ठा म्हणजे चघळलेलं, फारसं न पचलेलं लाकूडच असतं आणि अळंबी शिजवूनच खातो. शेणखतावरची भाजी खाणाऱ्याने हा प्रश्न विचारू नये.